मिनिटाला २९ बार

जहाजावर मी ज्यांना सगळ्यात जास्त टरकून असायचो ती माणसं सत्तरीच्या पुढची होती. इंग्लिश नवरा-बायको, बहुतेक यॉर्कशायर-लँकेशायरकडची. रात्रीच्या जेवणाआधी बॉलरूममध्ये जोडीने यायची. तिच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत चंदेरी रंगाचे, पातळ तळव्याचे नाचाचे बूट. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ती बूट बदलायची, तोवर तो उभ्याउभ्याच आमच्या बॅन्डवर नजर फिरवायचा आणि ती नजर शेवटी माझ्यावर येऊन थांबायची. ड्रमरवर. वॉल्ट्झ सुरू झाला की फ्लोअरची अर्धी फेरी होईपर्यंत दोघं काही बोलायची नाहीत. मग स्टेजसमोरून जाताना तो मान न वळवता, पाऊल न चुकवता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणायचा, ‘जरा पळतंय.’ आणि पुढे सरकायचा.

बॉलरूमचा वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बार या गतीने वाजतो. तीन मात्रांचा एक बार, म्हणजे मिनिटाला ८४ ते ९० मात्रा. फॉक्सट्रॉटचेही साधारण तेवढेच बार, पण चार मात्रांचे. क्विकस्टेप ५० च्या आसपास, चा-चा ३० ते ३२, रुंबा २५ ते २७. हे आकडे कुणा वादकाच्या लहरीवर नाहीत. नाच शिकवणाऱ्या आणि स्पर्धा घेणाऱ्या संस्थांनी ते बांधून दिलेत आणि ही जोडपी चाळीस-चाळीस वर्षं त्याच गतीवर पावलं टाकत आलेली असतात. वॉल्ट्झ ३३ वर गेला की तिसऱ्या मात्रेला पाय जुळवून टाच खाली आणायला वेळच उरत नाही. तरुण माणूस ते रेटून नेतो. ज्याने गुडघा बदलून घेतलाय त्याला ते लगेच कळतं.

या शिस्तीमागे एक माणूस आहे, व्हिक्टर सिल्व्हेस्टर. १९२२ साली बॉलरूम नाचाचा जगज्जेता ठरलेला लंडनचा नर्तक. बाजारातल्या रेकॉर्डींवर धड नाचता येत नाही, कधी गती वाढते, कधी गाणारा मधेच रेंगाळतो, म्हणून १९३५ मध्ये त्याने स्वतःचाच ऑर्केस्ट्रा काढला. पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकच गती, गाणं नाही, कुणाचा सोलो नाही. ब्रिटनच्या दोन-तीन पिढ्या रेडिओवर हे ऐकत स्वयंपाकघरात नाच शिकल्या. संगीत म्हणून ते मला आजही कंटाळवाणं वाटतं. पण त्यावर नाचणाऱ्या माणसाकडे बघितलं की आपलं मत आपल्यापाशी ठेवावंसं वाटतं.

मी मूळचा लालबागचा, आणि माझं शिक्षण बेंजो पार्टीत झालं. दोन बेंजो, एक कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, हातगाडीवर चढवलेले स्पीकर आणि मागून धूर सोडत येणारा जनरेटर. तिथे लय एका जागी राहिली तर लोक बेंजोवाल्याला बदलतात. परळच्या पुलापाशी जी चाल सुरू होते ती मंडपाशी पोचेपर्यंत दीडपट झालेली असते आणि त्याबद्दल पोरं खिशात पन्नासच्या नोटा कोंबतात. पुढे दामोदर हॉलला वगैरे ऑर्केस्ट्राच्या नाइट केल्या, तिथेही तेच. दुसऱ्या अंतऱ्यानंतर ड्रमरने जोर लावला नाही तर गायक मागे वळून डोळे वटारतो. लय चढवणं हेच माझं भांडवल होतं.

मला ते सोडायला लावलं आमच्या बॅन्डलीडरने. म्हापशाचा माणूस, आम्ही सगळे त्याला अंकल म्हणायचो. सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवायचा. मुंबईच्या एका हॉटेलात त्याचं चौघांचं युनिट होतं, ड्रमर अचानक दुबईला गेला आणि माझी वर्णी लागली. पहिल्याच रात्री मी एक झकास फिल मारली, म्हणजे गाण्याच्या दोन ओळींमधे ड्रमची छोटी करामत, टॉमवरून क्रॅशवर. ब्रेकमध्ये अंकल पाण्याचा ग्लास हातात घेऊन जवळ आला आणि म्हणाला, ‘लोक आयकूंक येवंक ना रे, नाचूंक आयला.’ एवढंच. रागावला नाही की काही नाही. त्या रात्रीनंतर अंकलच्या बॅन्डमध्ये मी फिल मोजूनमापून मारायला लागलो.

अंकलचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर स्टुअर्ड. गोव्यातून बोटीवर जाणारी माणसं तेव्हा मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये उतरायची. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारी खोली किंवा क्लब: भिंतीला लागून ओळीने मांडलेल्या पत्र्याच्या ट्रंका, संध्याकाळची रोझरी, आणि पुढची बोट मिळेपर्यंत वाट बघणं. त्याच कुडांमध्ये वादकही राहायचे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळेत मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवता येणारी माणसं तिथे गावोगाव तयार व्हायची. मुंबईला, कलकत्त्याला, रेल्वे इन्स्टिट्यूटपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत नाचाच्या बॅन्डसाठी नेमकी हीच माणसं लागत. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बॅन्ड ताजमध्ये वाजवायला आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले आणि त्यांच्याबरोबर वाजवून-ऐकून आपल्याकडच्या गोवेकरांनी स्विंग, म्हणजे त्या काळचा नाचाचा जॅझ, उचलला. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ चिक चॉकलेट नावाने ट्रम्पेट फुंकत ताजमध्ये गाजला. सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या चितळकर अण्णांच्या संगीतात जो पाश्चात्त्य नाचाचा ठेका ऐकू येतो त्यात याच चिक चॉकलेटचा मोठा हात आहे. सिनेमामुळे ही नावं थोडीफार उरली. बोटींवर वाजवत राहिले त्यांची तीही उरली नाहीत.

तर अंकलच्या ओळखीने एका एजंटकडून आमचं युनिट जहाजावर गेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करणार आहे.

जाण्याआधीचा भाग कुणाला फारसा माहीत नसतो. जहाजावर वादक म्हणून जाणारा माणूस कागदोपत्री खलाशीच. आमच्या वेळी बॅलार्ड इस्टेटला खेटे घालून सीडीसी, म्हणजे खलाशाची सरकारी नोंदवही, काढावी लागली. समुद्रावरच्या सुरक्षेचे कोर्स करावे लागतात, त्यात आग विझवायची, प्रथमोपचार शिकायचे, लाइफ जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारायची आणि उलटा झालेला रबरी तराफा पाण्यात उतरून सरळ करायचा. आमच्या बेसिस्टला पोहता येत नव्हतं. उडीच्या फळीवर तो इतका वेळ उभा राहिला की मागे रांगेतले इंजिनरूमवाले पोरगे टाळ्या वाजवायला लागले. शेवटी अंकलने खालून ‘वन, टू, वन-टू-थ्री-फोर’ असा काउंट दिला आणि हा सवयीने पहिल्या मात्रेला पडला.

जहाजावर दोन जातीचे वादक असतात. एक शोबँड. थिएटरमध्ये रोज नवा पाहुणा गायक, जादूगार किंवा नाचाचा मोठा शो असतो, त्याचे चार्ट, म्हणजे लिहिलेलं नोटेशन, दुपारी हातात पडतात आणि रात्री वाजवायचे. ही सगळी कॉलेजात संगीत शिकलेली अमेरिकन, युक्रेनियन, ब्रिटिश पोरं, वाचनात तय्यार. दुसरे आम्ही, लाउंजवाले. युनिट म्हणून येतो, आपली गाण्यांची यादी घेऊन येतो, आणि रात्री ४५-४५ मिनिटांचे चार सेट वाजवतो. पहिला कॉकटेलचा, दुसरा जेवणाआधी नाचाचा, उरलेले दोन शो सुटल्यावर. आठवड्याची सुट्टी नाही. करार संपेपर्यंत रोज.

शोबँडवाले आम्हाला जरा खालचे समजतात, त्यांना समजू दे. त्यांच्यासमोर लोक अंधारात गप्प बसलेले असतात आणि गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतात. आमच्यासमोर माणूस ऑलिव्ह चघळत बायकोला सांगत असतो की उद्याची सहल घ्यायला नको होती.

कॉकटेलच्या सेटला मी काठ्या हातातच घेत नसे. ब्रश, आणि फार तर बांबूच्या बारीक काड्यांचे रॉड. आवाज किती ठेवायचा याचं आमचं माप म्हणजे बारवरचा मंगळूरचा मुलगा. त्याला गिऱ्हाइकाची ऑर्डर दुसऱ्यांदा विचारावी लागली की तो कानामागे हात धरून माझ्याकडे बघायचा. मग मी राइड सिंबलवरून हाय-हॅटवर, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीवर, यायचो, बेसिस्ट व्हॉल्यूमची कळ नखाएवढी फिरवायचा, आणि अंकल सॅक्स ठेवून क्लॅरिनेट उचलायचा. हे सगळं चालू गाण्यात. ऐकणाऱ्याला काही बदललं असं वाटता कामा नये. चारजणांनी मिळून आवाज कमी करायचा पण गाण्यातली ऊब जाऊ द्यायची नाही, हे मी आजवर शिकलेल्या गोष्टींत सगळ्यात अवघड. मोठ्याने वाजवायला काय, कुणालाही येतं.

आणि वॉल्ट्झ. तो मला येईपर्यंत अंकलने छळलं. हाय-हॅटच्या दांड्याला मिणमिणता मेट्रोनोम, म्हणजे गती मोजून दाखवणारं यंत्र, लावून दिला होता, तरी तिसऱ्या गाण्यापर्यंत माझा हात पुढे सरकायचाच. एका दुपारी त्याने मला क्रू मेसमध्ये नेलं. जेवणं उरकली होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून एक फिलिपिनो मुलगा फरशी पुसत होता. अंकल म्हणाला, उभा राहा. माझा उजवा हात स्वतःच्या पाठीवर ठेवला, डावा धरला आणि मला पुरुषाची पावलं शिकवायला लागला. पुढे, बाजूला, जुळव. मागे, बाजूला, जुळव. मी जुळवताना घाई करत होतो. पहिल्या मात्रेला शरीर खाली, दुसऱ्या-तिसऱ्याला वर चढत जायचं, आणि तिसरीच्या शेवटी परत खाली उतरायचं. ते उतरणं व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ ड्रमरने द्यायचा. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. फरशी पुसणारा मुलगा पोछा टेकवून मजेत बघत होता. नंतर तोच म्हणाला की तो सेबूमध्ये काकाच्या बॅन्डमध्ये बेस वाजवायचा, पण इथे वादकाची जागा मिळाली नाही म्हणून हाउसकीपिंगला आला.

फिलिपिनो वादकांबद्दल इथेच सांगतो. जगातल्या जहाजांवर लाउंजमध्ये वाजवणारा जो बॅन्ड दिसेल तो त्यांचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. १८९८ ते १९४६ अमेरिकेचा अंमल होता, तेव्हापासून अमेरिकन गाणं त्यांच्या घरात आहे. आशियाभर हॉटेलांमधून ते पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेत. आमच्या जहाजावरचं त्यांचं पाचजणांचं युनिट रात्री अडीचला क्रू बारमध्ये बसून फोनवर एखादं गाणं ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी हुबेहूब वाजवायचं, मागच्या कोरससकट. आमच्यात आणि त्यांच्यात स्पर्धा होती. पण माझी स्नेअरची तार तुटली तेव्हा त्यांच्या ड्रमरने न मागता आपली दिली.

समुद्र खवळला की नाचाच्या बॅन्डचं काय होतं, हे लोक हमखास विचारतात. जहाज मधोमध कमी हलतं आणि टोकांना जास्त, आणि जितकं वर जाल तितकं जास्त झोके घेतं. आमचा दुसरा लाउंज अगदी पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. तिथे पियानो जमिनीला जखडलेला असतो, ड्रमचा गालिचा चिकटपट्टीने पक्का असतो आणि सिंबलच्या स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवतात. तरीही बास ड्रम इंचाइंचाने पुढे जातोच. बिस्केच्या उपसागरात एकदा अख्खा सेट मी डाव्या पायाने हाय-हॅट आणि डाव्याच ढोपराने स्नेअरचा स्टँड धरून वाजवला. पण खरी मौज फ्लोअरवर. जहाज एका बाजूला कललं की सगळी जोडपी एकाच वेळी त्या बाजूला दोन पावलं जास्त घेतात आणि परत येताना दोन कमी. मुरलेले नाचणारे तो कल नाचातच जिरवून टाकतात. नवखे हसत सुटतात. अशा वेळी बॅन्डने गती बदलायची नाही. जहाज हलतंय, पायाखालचं लाकूड हलतंय, तेव्हा निदान लय तरी त्यांना जागेवर सापडली पाहिजे.

नाचाचं हे सगळं राजेशाही थाटात बघायचं असेल तर क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ चं नाव घेतात. २००४ पासून हे जहाज साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क ये-जा करतं, एक फेरी सात रात्रींची. त्यातल्या क्वीन्स रूमचा समुद्रावरचा सगळ्यात मोठा बॉलरूम म्हणून लौकिक आहे. सात दिवसांत कुठे बंदर नाही, म्हणून लोक दुपारी नाच शिकतात, चहाबरोबर नाचतात आणि रात्री टेलकोट घालून पुन्हा नाचतात. अशा जहाजांवर डान्स होस्ट नावाचे गृहस्थ असतात. बहुतेक निवृत्त, उत्तम नाचणारे, एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला नेमलेले. आमच्याकडेही होते. त्यांचा नियम कडक: सगळ्यांना सारखा मान, एकीबरोबर लागोपाठ नाचायचं नाही. एक जण निवृत्त पोस्टमन होता. सेट सुरू व्हायच्या आधी येऊन तो हळूच सांगायचा, आज खिडकीजवळच्या बाईंच्या कमरेत दुखतंय, टँगोऐवजी दुसरा एखादा वॉल्ट्झ घ्या. आम्ही घ्यायचो. आमची यादी छापलेली होती, पण क्रम तोच ठरवायचा म्हटलं तरी चालेल.

जहाज दुसऱ्या समुद्रात गेलं की पायही बदलायचे. कॅरिबियनला अमेरिकन गर्दी: जोडीने नाचणारे कमी, रांगेत उभं राहून एकसारख्या स्टेप करणारे जास्त, मोटाउन वाजलं की पन्नास माणसं आपोआप ओळीत. मायामीहून चढलेले लॅटिन लोक मेरेंगे आणि बचाटा मागायचे आणि रात्री दोनपर्यंत थकायचे नाहीत. तिथे मला बेंजो पार्टीतला हात पुन्हा काढता आला, अंकलने परवानगी दिली. सिंगापूरच्या फेऱ्यांवर आपली मंडळी भेटायची, टूर कंपनीच्या टोप्या घातलेले पुण्या-नाशिकचे ग्रुप. ते फ्लोअरवर थेट येत नाहीत. आधी एखादे काका बॅन्डसमोर मोबाइल धरून शूटिंग करतात, मग एक मावशी येऊन विचारते, ‘हिंदी येतं का हो यांना?’ मी ड्रमच्या मागून ‘मराठी पण येतं, मावशी’ म्हटलं की जी किंकाळी फुटायची! पुढचा सेट मग त्यांचाच. अंकलला चितळकर अण्णांच्या चाली तोंडपाठ होत्या, वडिलांच्या पिढीकडून आलेल्या. मावश्या फेर धरायच्या, आणि कडेला उभा असलेला एखादा ऑस्ट्रेलियन म्हातारा त्याच ठेक्यावर बायकोला घेऊन शांतपणे फॉक्सट्रॉट करत निघून जायचा. बसायचा बरोबर. बसणारच, त्या चाली घडल्या तेव्हा ताजच्या फ्लोअरवर तेच तर वाजत होतं.

आता दुसरी बाजू. आमची केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, दोघांना मिळून एवढी जागा की एकाने शर्ट घालायचा तर दुसऱ्याने बंकवर चढायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिथे तीन तीन माणसंही राहतात. तक्रार वेगळीच. दर करारागणिक बॅन्ड आकसत गेला. आधी ट्रम्पेटची जागा गेली. मग सुचवण्यात आलं की बेस ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर, टाकता येईल. मग म्हणाले आठवड्यातल्या दोन रात्री डीजे घेऊ. हिशेब मला कळतो: चार माणसं म्हणजे चार बंक, चार जेवणं, चार विमानाची तिकिटं. पण ट्रॅकवर वॉल्ट्झ वाजला आणि खिडकीजवळच्या बाईंना दम लागला, तर ट्रॅकला ते दिसत नाही. आम्ही अशा वेळी शेवटचे सोळा बार गाळून गाणं संपवायचो. अंकल डोक्यावर मूठ धरायचा, आम्ही शेवटावर जायचो आणि बाईंना वाटायचं गाणं तेवढंच होतं.

वादकाला खर्चाच्या बाजूला धरणं जुनंच आहे. टायटॅनिकवर आठ वादक होते, हे सगळ्यांना माहीत. ते बुडेपर्यंत वाजवत राहिले, हेही. ते कंपनीचे नोकर नव्हते हे कमी लोकांना माहीत असतं. लिव्हरपूलच्या सी. डब्ल्यू. अँड एफ. एन. ब्लॅक या एजन्सीने जहाजांवरच्या बॅन्डचे मक्ते घेतले होते आणि महिन्याचा पगार साडेसहा पौंडांवरून ४ पौंडांवर आणला होता. एक पंचक, एक त्रिकूट, वॉलेस हार्टली म्होरक्या. कंपनीच्या पुस्तिकेत ३५२ चाली होत्या, प्रवाशाने नुसता नंबर सांगायचा आणि यांनी वाजवायचं. आठही जण १५ एप्रिल १९१२ ला गेले. ते दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर प्रवास करत होते, म्हणून खलाशांच्या कुटुंबांना मिळाली तशी भरपाई त्यांच्या घरच्यांना नाकारली गेली. जॉक ह्यूम नावाच्या व्हायोलिनवादकाच्या वडिलांना तर एजन्सीने मुलाच्या गणवेशाची थकबाकी भरा म्हणून पत्र पाठवलं. हार्टलीचं व्हायोलिन २०१३ मध्ये लिलावात ९ लाख पौंडांना गेलं.

आज निदान कागदावर तसं नाही. २००६ च्या सागरी कामगार कराराने जहाजावर काम करणारा वादकही खलाशीच धरला, २०१३ पासून तो लागू आहे, आणि चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हा हक्क आम्हालाही मिळाला. त्याबरोबर कामही आलं. आणीबाणीत प्रत्येक वादकाला जागा नेमून दिलेली असते. माझी जिन्याच्या वळणावर: पिवळी टोपी घालून उभं राहायचं आणि लोकांना डावीकडे पाठवायचं. सरावाच्या वेळी लोक खिदळतात, सेल्फी काढतात. मला हसू यायचं नाही, कारण मला ओशियानोस माहीत होतं.

हे ग्रीक जहाज ३ ऑगस्ट १९९१ ला दक्षिण आफ्रिकेच्या ईस्ट लंडन बंदरातून डर्बनला निघालं. वादळ होतं. रात्री जहाजात पाणी शिरलं, दिवे गेले आणि प्रवाशांना कुणी काही सांगेना. लाउंजमध्ये गिटार वाजवणारा मॉस हिल्स खाली बघायला गेला तर पाणी चढत होतं. पुढे त्याने, त्याची बायको ट्रेसीने, ती बेस वाजवायची, आणि इतर करमणूकवाल्यांनी मिळून लोकांना होड्यांत चढवलं. ब्रिजवर अधिकारी सापडेनात तेव्हा रेडिओ हिल्सनेच उचलला. पलीकडून हुद्दा विचारला गेला, त्यावर तो म्हणाला की मी गिटार वाजवतो. सकाळी हेलिकॉप्टरं आली, त्यांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतूनच कॅप्टन निघून गेला, आणि डेकवर माणसांना पट्ट्यात अडकवून वर पाठवायला हे वादक होते. जहाज ४ तारखेला दुपारी बुडालं. ५७१ माणसं, सगळी वाचली. मॉस हिल्स त्यानंतरही जहाजांवर काम करत राहिला, आणि हे मला सगळ्यात आवडतं.

अंकल आता म्हापशात असतो, रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो आणि लग्नांना नाही म्हणतो. मी दादरला एका क्लासमध्ये ड्रम शिकवतो. तिथली पोरं विचारतात की जहाजावर जायचं तर काय करावं, म्हणून जे माहीत आहे ते लिहून ठेवतो. डेमोचा व्हिडिओ पाठवाल तर त्यात सोलो नको. एजंट पहिली तीस सेकंद बघतो आणि त्याला एवढंच बघायचं असतं की चौघं एका गतीवर आहेत का, हसतात का, आणि कपडे इस्त्रीचे आहेत का. गाण्यांची यादी दशकांनुसार नको, नाचांनुसार करा: वॉल्ट्झ इतके, चा-चा इतके, रुंबा इतके. प्रत्येकापुढे गती लिहा. मेट्रोनोमवर वाजवायची सवय करा, आणि मग मेट्रोनोम बंद करून पाचव्या मिनिटाला पुन्हा लावून बघा कुठे पोचलात. वाचता येत नसेल तर कॉर्डचा तक्ता तरी वाचता यायला हवा. नाच शिका, चार स्टेप पुरेत.

एजंटला आगाऊ पैसे देऊ नका. करारात दिवसाला किती सेट ते लेखी घ्या, ‘गरजेनुसार’ असं लिहिलेलं असेल तर गरज नेहमी कंपनीची असते. काळे बूट दोन जोड न्या. आणि ड्रमर असाल तर किक पेडल आणि बसायचं स्टूल स्वतःचं न्या, विमानात थोडं वजन भरावं लागलं तरी चालेल. जहाजावरच्या पेडलची स्प्रिंग तुमच्या आधीच्या माणसाने तारेने बांधलेली असते, आणि ती तार नेमकी क्विकस्टेपला सुटते.